संविधान शिकवायला ऑनलाइन साहित्य: खात्रीचं कुठलं, टाळावं कुठलं?

फळा_खडू

नमस्कार मंडळी,

आठवी आणि नववीसाठी संविधानावर सहा तासिका आखायच्या आहेत, २६ नोव्हेंबरच्या आत संपतील अशा. शाळा परळची, मराठी माध्यम. वर्गात ४८ मुलं. तासिका ३५ मिनिटांची, त्यातली पाच हजेरीत आणि बाकं सरकवण्यात जातात. प्रोजेक्टर आठवड्यातून दोनदा मिळतो आणि इंटरनेट बेभरवशाचं. बऱ्याच मुलांच्या हातात फोन येतो तो रात्री आठनंतर, घरचं माणूस कामावरून आल्यावर.

हवंय ते असं: मराठीतला अधिकृत मजकूर, वर्गात दाखवता येतील असे छोटे व्हिडिओ, संविधान सभेतली चर्चा मुलांपर्यंत पोचवायची एखादी रीत, आणि मुंबईच्या मुलांना आपलं वाटेल असं एखादं प्रकरण. नुसती लिंकांची जंत्री नको, ती दोन पानी आधीच जमली आहे. त्यातलं काय घ्यावं, काय सोडावं आणि का, हे सांगा.

---

तळटीप

मजकुरापासून सुरुवात करा. पुढच्या सगळ्या चुका तिथूनच येतात.

अधिकृत मजकूर केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाच्या विधायी विभागाच्या संकेतस्थळावर आहे. इंग्रजी, हिंदी, शिवाय मराठीसह प्रादेशिक भाषांतल्या आवृत्त्या पीडीएफ रूपात फुकट मिळतात. छापील मराठी प्रत हवी असेल तर चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारात चौकशी करा, फक्त शिल्लक आहे का हे विचारूनच निघा. शोधताना ‘भारताचे संविधान’ असं लिहा. ‘भारतीय राज्यघटना’ लिहिलंत तर स्पर्धा परीक्षांच्या नोट्सचा ढीग पुढे येतो आणि मूळ मजकूर तिसऱ्या पानावर जातो.

पीडीएफ हातात आली की आधी ती किती जुनी आहे ते तपासा. मुखपृष्ठावर अमुक तारखेपर्यंत सुधारलेली असं लिहिलेलं असतं, पण गटांमधून फिरणाऱ्या फायलींचं मुखपृष्ठ बऱ्याचदा गळालेलं असतं. मग आतल्या खुणा बघायच्या. २१क, म्हणजे शिक्षणाचा हक्क, नसेल तर फाइल २००२ च्या आधीची. २७९क, म्हणजे वस्तू व सेवा कर परिषद, नसेल तर २०१६ च्या आधीची. अनुच्छेद १५ मध्ये सहावा खंड नसेल तर आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाआधीची, म्हणजे जानेवारी २०१९ पूर्वीची. पहिल्या अनुसूचीत जम्मू-काश्मीर राज्यांच्या यादीत दिसलं तर पुनर्रचनेआधीची. आणि ३३०क, म्हणजे लोकसभेतल्या महिलांच्या राखीव जागा, नसेल तर सप्टेंबर २०२३ मधल्या १०६ व्या दुरुस्तीआधीची. दोन मिनिटांचं काम आहे. (३३०क शिकवताना एक सांभाळा: ते आरक्षण दुरुस्ती झाल्याझाल्या लागू होत नाही. आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, ही अट त्याच दुरुस्तीत आहे. मुलं लगेच ‘मग लोकसभेत इतक्या कमी बायका कशा?’ विचारतात.)

जुनी मराठी पीडीएफ असली म्हणून फेकून देऊ नका. मूलभूत हक्कांचा बराचसा मजकूर तोच आहे. इंग्रजीची ताजी आवृत्ती शेजारी उघडी ठेवायची आणि शिकवणार आहात तेवढीच कलमं ताडून बघायची.

फाँटची कटकटही येणारच. जुन्या मराठी फायली युनिकोडमध्ये नसतात. पडद्यावर अक्षर सुरेख दिसतं, पण कॉपी केलं की भलतीच चिन्हं उमटतात आणि शब्दशोध काहीच सापडवत नाही. उपाय: लागतील तेवढीच पानं वेगळी करा, गुगल ड्राइव्हवर चढवा आणि ‘गुगल डॉक्सने उघडा’ निवडा. मजकूर ओळखून युनिकोडमध्ये मिळतो. फाइल दोन एमबीच्या आत ठेवा, मोठी असली की अर्धवट तरी उतरते किंवा अजिबात नाही. नंतर जोडाक्षरं आणि आकडे डोळ्यांनी तपासा. १ आणि ९ यांची अदलाबदल हमखास होते, आणि अनुच्छेद १९ चा ११ झाला तर वर्गात फजिती ठरलेली.

शोधताना अक्षरांचाही घोळ आहे. मूलभूत कर्तव्यांचा अनुच्छेद घ्या: इंग्रजीत ‘५१ ए’, वर्तमानपत्रात ‘५१ अ’, अधिकृत मराठीत ‘५१क’. तिन्ही तऱ्हेने शोधून बघा. उद्देशिकेलाही प्रास्ताविका, सरनामा, प्रस्तावना अशी चार नावं आहेत.

---

सातवी_ब

तळटीप यांनी सांगितलं ते शिक्षकासाठी. मुलांच्या हातात मात्र ई-बालभारतीवरची पाठ्यपुस्तकंच द्या, तीही आठवीचं एकटं पुस्तक नको. सातवीच्या नागरिकशास्त्रात संविधानाची ओळख, उद्देशिका, मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वे आणि कर्तव्ये येतात. आठवीत संसदीय शासनपद्धती. दहावीच्या राज्यशास्त्रात ‘संविधानाची वाटचाल’ हे प्रकरण आहे. ही तीन जोडली की सरळ धागा मिळतो. सगळ्यांच्या पीडीएफ फुकट आहेत. पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपमधून उघडतात आणि आतलं साहित्य उतरवून ठेवता येतं, म्हणजे वर्गात नेट नसलं तरी अडत नाही.

नववीतली चुणचुणीत मुलं असतील तर एनसीईआरटीचं अकरावीचं राज्यशास्त्राचं पुस्तक हिंदीतून बघायला हरकत नाही. फक्त हिंदी-मराठी शब्दांची गल्लत होते, ती आधीच फळ्यावर लिहून टाका. हिंदी उद्देशिकेत ‘पंथनिरपेक्ष’, मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’. हिंदीत ‘प्रतिष्ठा और अवसर की समता’, मराठीत ‘दर्जाची व संधीची समानता’. आणि खरी मेख पुढे आहे: मराठीत ‘प्रतिष्ठा’ हा शब्द येतो तो ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ असा, ज्याला हिंदीत ‘गरिमा’ म्हटलंय. म्हणजे तोच शब्द दोन भाषांत दोन वेगळ्या कल्पनांसाठी वापरलाय. मुलं हिंदी व्हिडिओ बघून मराठीत उत्तर लिहितात तेव्हा नेमकी इथे घसरतात.

संविधान सभेची चर्चा आठवीला जड जाईल असं माझं मत. इंग्रजी, तेही संसदेतलं.

---

प्रोजेक्टरवाला

व्हिडिओंबद्दल.

श्याम बेनेगल यांची ‘संविधान’ ही दहा भागांची मालिका, २०१४ मध्ये राज्यसभा टीव्हीसाठी केलेली. यूट्यूबवर आहे. मुलांना सगळ्यात जास्त धरून ठेवते ती हीच. पण पूर्ण भाग लावू नका, एका भागात तुमची तासिका संपून जाईल. सहा ते आठ मिनिटांचा एकच प्रसंग निवडा, कुठून कुठपर्यंत ते मिनिट-सेकंदासकट वहीत लिहून ठेवा. आणि हे नाट्यरूपांतर आहे हे आधी सांगा. पात्राच्या तोंडचं वाक्य मुलं ‘बाबासाहेब म्हणाले’ म्हणून निबंधात लिहितात. मूळ भाषणात ते तसंच आहे का, हे संविधान सभेच्या चर्चांमध्ये तपासल्याशिवाय अवतरण म्हणून वापरू देऊ नये.

स्पर्धा परीक्षांच्या चॅनलांपासून लांब राहा. वाईट असतात असं नाही, त्यांचं काम वेगळं आहे. तिथे ‘कुठल्या देशाकडून काय घेतलं’ ही यादी तोंडपाठ करून घेतात आणि मुलांचा समज होतो की संविधान म्हणजे दहा देशांची गोधडी. शिवाय जुने व्हिडिओ काढत नाहीत. आजही लोकसभेची कमाल संख्या ५५२ सांगणारे व्हिडिओ वर येतात. अँग्लो-इंडियन समाजाच्या दोन नामनिर्देशित जागा जानेवारी २०२० मध्ये संपल्या, आता ५५०. राज्यं २९ सांगितली तर व्हिडिओ २०१९ पूर्वीचा समजा, आता २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश. मूलभूत हक्क सात सांगणारा सापडला तर तो माणूस १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीच्या मागे राहिलाय. मालमत्तेचा हक्क तिथून काढून ३००क मध्ये नेला, म्हणून सहा.

मूळ हस्तलिखित प्रत मात्र जरूर दाखवा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर भारतीय सर्वेक्षण विभागाने डेहराडूनला छापलेल्या प्रतीचं स्वच्छ स्कॅन आहे. इंग्रजी सुलेखन प्रेम बिहारी नारायण रायजादा यांचं, चित्रं नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या सहकाऱ्यांची. निवडणुकांच्या भागावर, म्हणजे पंधराव्या भागाच्या सुरुवातीला, शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग आहेत. परळच्या वर्गात हे पान उघडलं की पुढची दहा मिनिटं शांतता विकत घ्यावी लागत नाही. फाइल जड आहे, शाळेत थेट उघडू नका. घरून पाच-सहा पानांची चित्रं काढून पेनड्राइव्हवर न्या.

चूक कुठे होते: लोक हीच प्रत ‘संविधान’ म्हणून वाचायला देतात. हा १९५० चा मजकूर आहे. त्यात मूलभूत कर्तव्यं नाहीत, ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ नाहीत, मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत आहे. चित्रांसाठी घ्या, मजकुरासाठी घेऊ नका. किंवा मुद्दाम दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधायला लावा. ती झकास तासिका होते.

---

गिरगावकर_वकील

मुंबईचं प्रकरण हवं असेल तर ऑल्गा टेलिस विरुद्ध बॉम्बे म्युनिसिपल कॉर्पोरेशन, १० जुलै १९८५. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, निकाल सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी लिहिलेला. पदपथ, झोपड्या, महापालिका, पावसाळा, यातलं काहीही तुमच्या मुलांना समजावून सांगावं लागणार नाही.

मिळवायची रीत: सर्वोच्च न्यायालयाची ई-एससीआर ही मोफत सेवा आहे, अधिकृत अहवालातले निकाल तिथे आहेत. पक्षकाराचं नाव इंग्रजीत टाका, वर्ष १९८५ निवडा. मराठीतून शोधाल तर जुन्या निकालांबाबत बहुधा हात हलवत परत याल. काही निकालांची मराठी भाषांतरं तिथेच मिळतात, पण ती समजून घेण्यापुरती असतात, अधिकृत मजकूर इंग्रजीच. निकालाच्या आधी शीर्षटीप असते, तीन-चार पानांत सगळा सारांश. शिक्षकाला तेवढं पुरे. फक्त ध्यानात ठेवा, शीर्षटीप न्यायमूर्तींनी लिहिलेली नसते, त्यामुळे तिथलं वाक्य न्यायालयाचं अवतरण म्हणून फळ्यावर लिहू नका.

वर्गात असं करा. आठ गट, प्रत्येकी सहा मुलं. दोन गटांना पहिली चिठ्ठी, दोघांना दुसरी, दोघांना तिसरी, आणि राहिलेले दोन गट न्यायपीठ.

पहिल्या चिठ्ठीवर घटना: १३ जुलै १९८१ रोजी तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी मुंबईतल्या पदपथांवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवून गावी पाठवण्याची घोषणा केली. कारवाई भर पावसाळ्यात सुरू झाली.

दुसऱ्यावर रहिवाशांचं म्हणणं: काम इथे आहे म्हणून इथे राहतो, राहण्याची जागा गेली की रोजगार जातो, रोजगार गेला की जगणं जातं. म्हणून हा अनुच्छेद २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, प्रश्न आहे.

तिसऱ्यावर महापालिकेचं: पदपथ चालणाऱ्यांसाठी आहे, त्यावर घर बांधायचा हक्क कुणालाच नाही, आणि १८८८ च्या महापालिका अधिनियमातलं कलम ३१४ नोटीस न देताही अतिक्रमण काढू देतं.

दहा मिनिटं वाचन, दहा मिनिटं बाजू मांडणं, पाच मिनिटांत न्यायपीठाचा निर्णय, मग खरा निकाल. ‘जीवित’ हा अनुच्छेद २१ च्या मराठी मजकुरातला शब्द आधीच फोडून सांगा, नाहीतर मुलं त्याला जीवितहानीशी जोडतात.

आता सगळे चुकतात ती जागा. ‘न्यायालय म्हणालं की पदपथावरच्या लोकांना हटवता येणार नाही’ असं असंख्य ठिकाणी लिहिलेलं आहे. ते चूक आहे. न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि त्यासाठी अनुच्छेद ३९(क) व ४१ या निदेशक (मार्गदर्शक) तत्त्वांचा आधार घेतला. पण पदपथावर कायमचं राहण्याचा हक्क मान्य केला नाही. कायद्याने घालून दिलेली न्याय्य पद्धत पाळून हटवता येईल, असं ठरवलं. कलम ३१४ रद्द केलं नाही, मात्र एरवी नोटीस देऊन म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे असा त्याचा अर्थ लावला. पदपथावरची घरं पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, हटवायची नाहीत असा आदेश दिला. १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्यांना पर्यायी जागा द्यावी असंही सांगितलं. म्हणजे तत्त्वात रहिवासी जिंकले आणि घरं मात्र वाचली नाहीत. नववीच्या मुलांना हे दोन्ही एकदम पेलतं, त्यांना अर्धं सांगू नका.

आणि एक जपून. वर्गात अशी मुलं असतील ज्यांच्या घरांवर नोटीस चिकटलेली आहे. ‘तुमच्यापैकी कोण झोपडपट्टीत राहतं?’ असा प्रश्न या तासिकेत विचारायचा नाही. चिठ्ठीवरच्या माणसांबद्दलच बोलायचं.

---

कलमनवीस

सातवी_ब, चर्चा जड आहेत हे खरं, पण अख्खं पान वाचायला दिलं तर. आठ-दहा ओळी मराठीत करून दिल्या तर आठवीला आरामात पेलतात.

मूळ चर्चा १२ खंडांत आहेत. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात त्यांचं स्कॅन आहे. पण शोधायला बरी जागा म्हणजे ‘कॉन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया डॉट नेट’, बंगळुरूच्या सेंटर फॉर लॉ अँड पॉलिसी रिसर्च या संस्थेने सुरू केलेली. तिथे भाषणांच्या परिच्छेदांना क्रमांक आहेत आणि प्रत्येक अनुच्छेदाच्या पानावर त्यावर कधी चर्चा झाली त्याचा गोषवारा आहे. ती सोय वापरा, कारण चर्चांमध्ये थेट क्रमांकाने शोधलं की हाती भलतंच लागतं. सभा बोलत होती मसुद्यातल्या क्रमांकांनी. आजचा १७, म्हणजे अस्पृश्यता नष्ट करणारा, मसुद्यात ११ होता आणि तो २९ नोव्हेंबर १९४८ ला संमत झाला. आजचा १९ मसुद्यात १३, २१ चा १५, ३२ चा २५. ‘आर्टिकल ३२’, म्हणजे हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा अनुच्छेद, शोधून बाबासाहेबांचं ९ डिसेंबर १९४८ चं ते प्रसिद्ध भाषण का सापडत नाही, याचं कारण हेच. संविधानाचा आत्मा आणि हृदय असं त्यांनी ज्याला म्हटलं, तो त्या दिवशी मसुदा अनुच्छेद २५ होता.

वर्गासाठी माझी पहिली निवड १७ ऑक्टोबर १९४९, खंड दहावा, उद्देशिकेवरची चर्चा. ह. वि. कामत यांनी सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी करावी म्हणून दुरुस्ती मांडली. मतदान झालं. बाजूने ४१, विरोधात ६८. दुरुस्ती फेटाळली आणि ‘आम्ही, भारताचे लोक’ कायम राहिलं. यात मुलांना करायला किती आहे बघा: दोन्ही बाजूंच्या चार-चार ओळी वाचायच्या, हात वर करून मत द्यायचं, मग खरे आकडे उघड करायचे. फक्त विरोध करणारे सगळे नास्तिक होते असा सूर लागू देऊ नका. श्रद्धा ही मतदानाला टाकायची गोष्ट नाही, हाही विरोधाचा एक धागा होता.

भाषांतर करताना तीन गोष्टी ओळीखाली लिहाच: वक्ता, तारीख, परिच्छेद क्रमांक. ज्या अवतरणाला हे तीन नाहीत ते वर्गात येऊ द्यायचं नाही, मग ते कितीही सुंदर असो. समाजमाध्यमांवर बाबासाहेबांच्या फोटोखाली फिरणारी कितीतरी वाक्यं या चाळणीत गळतात. २५ नोव्हेंबर १९४९ चं त्यांचं शेवटचं मोठं भाषण खंड अकरामध्ये आहे. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा विसंगतीचा परिच्छेद तिथलाच. महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ‘लेखन आणि भाषणे’ मालिकेचा तेरावा खंड याच विषयाला वाहिलेला आहे, त्याची पीडीएफ परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे.

मुंबईचा धागा इथेही आहे. बाबासाहेब संविधान सभेवर आधी बंगालमधून निवडून आले. फाळणीनंतर जुलै १९४७ मध्ये मुंबई प्रांतातून, बॅ. मु. रा. जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर. हंसा मेहता मुंबई प्रांताच्याच सदस्य, आणि सभेतल्या १५ स्त्रियांपैकी एक. त्यांचं १९ डिसेंबर १९४६ चं भाषण छोटं आणि सोपं आहे. मुलींना वाचायला द्या. मुलांनाही द्या, अर्थात.

---

फळा_खडू

खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. ऑल्गा टेलिस आणि १७ ऑक्टोबर नक्की घेतेय. तीन शंका राहिल्या.

एक, आमच्या शाळेतल्या जुन्या तक्त्यावर ‘कलमे ३९५’ आहे, नव्या प्रश्नमंजूषेत ४४८. मुलं भांडतात. दोन, कलम म्हणायचं की अनुच्छेद? तीन, नववीतली मुलं गृहपाठ चॅटबॉटला विचारून आणतात. ते कसं हाताळायचं?

---

तळटीप

३९५ हा १९५० चा आकडा: ३९५ अनुच्छेद, २२ भाग, ८ अनुसूची. नवीन अनुच्छेद घालताना पुढचे क्रमांक हलवत नाहीत, म्हणून २१ च्या पाठी २१क बसतो. रद्द केलेल्याचा क्रमांकही रिकामाच राहतो. अनुच्छेद ३१ असाच गेला, सातवा भाग तर १९५६ ला अख्खा गेला. त्यामुळे शेवटचा क्रमांक आजही ३९५ च, पण मोजणी केली तर संख्या जास्त भरते. किती भरते ते रद्द झालेले धरता की नाही यावर आहे, म्हणून ४४८ च्या आसपास वेगवेगळे आकडे दिसतात. अनुसूची मात्र आता निर्विवाद १२. प्रश्नमंजूषेत ‘किती कलमे?’ हा प्रश्न ठेवूच नका. ‘२१क हा क्रमांक असा का?’ हे विचारा.

---

गिरगावकर_वकील

संविधानाला अनुच्छेद, इतर कायद्यांना कलम. अधिकृत मराठीत तसंच आहे. बोलताना कलम म्हटलं तर आभाळ कोसळत नाही, कोर्टाच्या आवारातही सर्रास म्हणतात. लिहिताना मात्र वेगळं ठेवा, कारण वरच्याच प्रकरणात अनुच्छेद २१ आणि महापालिका अधिनियमाचं कलम ३१४ एका वाक्यात येतात. शब्द वेगळे असले की मुलांना कळतं, कुठला कायदा मोठा. बाकी परिभाषा अडली तर भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश शासनाच्या मराठी शब्दकोश संकेतस्थळावर आहे.

---

कलमनवीस

चॅटबॉटला मनाई करून उपयोग नाही, रात्री आठनंतर तुम्ही तिथे नसता. त्यालाच तासिकेत आणा. मुलांनी उत्तर छापून किंवा वहीत उतरवून आणायचं आणि अधिकृत पीडीएफशी ताडायचं. तीन रंग: मजकुरात जसंच्या तसं सापडलं ते हिरवं, अर्थ बरोबर पण शब्द वेगळे ते पिवळं, सापडलंच नाही ते लाल. प्रसिद्ध अनुच्छेदांचे क्रमांक तो बहुतेक बरोबर देतो. घसरतो तो खटल्यांच्या नावांत, अवतरणांत आणि हिंदी शब्द मराठीत ढकलण्यात. ‘पंथनिरपेक्ष’ दिसलं की समजायचं. एका गटाला एकच अनुच्छेद द्या, १७ किंवा २१क. अनुच्छेद १९ देऊ नका, खंड-उपखंडांत तासिका बुडते.

---

प्रोजेक्टरवाला

उद्देशिकेचं पोस्टर छापणार असालच, तर छपाईला देण्याआधी चार जागा बघा. ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ आहेत का. ‘राष्ट्राची एकता’च्या पुढे ‘आणि एकात्मता’ आहे का. खाली विक्रम संवत छापलाय का, असेल तर हिंदी मजकुरावरून कुणीतरी भाषांतर केलेलं आहे, मराठीत ती तिथी नाही. आणि ‘प्रवर्धित’चा रफार जागेवर आहे का, फाँट बदलला की तो सगळ्यात आधी उडतो.

ए३ आकारावर दोन स्तंभ करा, डावीकडे १९४९ चा मजकूर, उजवीकडे ४२ व्या दुरुस्तीनंतरचा, नवे शब्द लाल. मुलं हमखास विचारतील की शब्द १९७६ ला घातले तर खाली तारीख २६ नोव्हेंबर १९४९ च कशी. न्यायालयातही हा मुद्दा गेला होता, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शब्दांना आव्हान देणाऱ्या याचिका फेटाळल्या. तेवढं उत्तर तयार ठेवा.

ऑनलाइन वाचनासाठी संसदीय कार्य मंत्रालयाचं उद्देशिका वाचनाचं पोर्टल आहे, मराठी निवडता येतं, शेवटी नावाचं प्रमाणपत्र मिळतं. ४८ जणांना शाळेच्या एकाच नेटवर बसवू नका, घरी करू दे. आणि मुलांची नावं असलेली प्रमाणपत्रं पालकांच्या गटावर टाकायला सांगू नका, वहीत चिकटवलेलं पुरे.